पादपांचा श्वास

संस्कृत भाषेंत वृक्षाला जीं अनेक नांवें आहेत, त्यांतलें ‘पादप’ हें नांव मला विद्यार्थिदशेपासून फार आवडत आलें आहे. पायांनीं पितो तो पादप. पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवितांना हा विग्रह मीं फळ्यावर किती वेळां लिहिला असेल याची गणती नाहीं. तो लिहून झाला, कीं मुळांविषयीं जाणण्यासारखें जें कांहीं आहे तें या तीन अक्षरांत येऊन गेलें, अशा समाधानानें मी खडू खालीं ठेवीत असें. हें समाधान किती अपुरें होतें, तें मला गेल्या चैत्रांत आमच्या पलूसच्या घराच्या गच्चीवर चोवीस रोपांनीं शिकविलें. विषय लहान आहे. परंतु त्याचा धागा आमच्या घरच्या एका मोठ्या प्रश्नापर्यंत जाऊन पोंचला, म्हणून ती हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें.

माझा थोरला नातू पुण्यास शिकतो. दिवाळीच्या सुटींत तो घरीं आला असतां त्यानें गच्चीवर बिनमातीच्या शेतीचा प्रयोग मांडला. झाकणाचे दोन मोठे काळे डबे, प्रत्येक झाकणाला बारा भोकें, भोकांत जाळीच्या वाट्या, वाट्यांत नारळाच्या काथ्याचा भुसा आणि त्यांत रोपें. खालीं डब्यांत झाडाला लागणारे क्षार विरघळविलेलें पाणी. एका डब्यांत पालक आणि दुसऱ्यांत लेट्यूस नांवाची विलायती कोशिंबिरीची भाजी, असा बेत होता. आरंभीं घरांतल्या मंडळींनीं थट्टा केली; परंतु हिवाळाभर आमच्या अकरा माणसांच्या पंगतींत आठवड्यांतून एकदोनदां ती हिरवीगार भाजी येऊं लागली, तेव्हां थट्टा आपोआप थांबली. फाल्गुनांत त्यानें नवीं रोपें लाविलीं आणि परीक्षेसाठीं परत जातांना डबे माझ्या स्वाधीन केले. निघतांना म्हणाला, “आजोबा, पाणी झाकणापर्यंत भरूं नका, मध्यें चार बोटें जागा मोकळी असूं द्या. आणि ऊन तापूं लागलें कीं डबे सावलींत घ्या.” शिक्षकाला सूचना देण्याची संवय असते, ऐकण्याची नसते. मीं ‘बरें’ म्हटलें आणि विसरून गेलों.

चैत्र लागला. दुपारीं पानें माना टाकूं लागलीं. संध्याकाळीं तीं थोडीं सांवरत, दुसऱ्या दिवशीं पुन्हा लोळत. सौ. म्हणाली, “अहो, त्यांना पाणी तरी पुरेसें घाला!” मलाहि तें पटलें. जें सुकतें तें तहानलेलें, हा तर्क आपल्या अंगांत इतका मुरलेला आहे कीं, मुळें पाण्यांतच लोंबत आहेत ही डोळ्यांसमोरची गोष्टहि त्यापुढें दिसत नाहीं. मीं दोन्ही डबे कांठोकांठ भरले. चौथ्या दिवशीं निम्मीं रोपें आडवीं झालीं.

रामनवमीला नातू आला. त्यानें झाकण उचललें तों नाकाला गटाराचा दर्प आला. हिवाळ्यांत तींच मुळें शेवयांसारखीं पांढरीं शुभ्र होतीं. आतां तीं तपकिरी आणि बुळबुळीत झालेलीं. त्यानें एक मूळ चिमटींत धरून ओढलें, तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आंतला दोरा तेवढा हातांत राहिला. मग त्यानें पाण्यांत तापमापक बुडविला. दुपारचे अडीच वाजले होते. पारा ३४ अंश सेंटिग्रेडवर थांबला. तो मला कांहीं बोलला नाहीं. एवढेंच म्हणाला, “आजोबा, हीं पाण्यावांचून मेलीं नाहींत, हवेवांचून मेलीं.”

पाण्यांत उभें राहून झाड गुदमरतें, हें वाक्य मला प्रथम अलंकारिक वाटलें. परंतु तें अक्षरशः खरें आहे. मूळ हें जिवंत इंद्रिय आहे. त्याला वाढावयास आणि क्षार आंत ओढून घ्यावयास शक्ति लागते, आणि ती शक्ति प्राणवायूच्या साहाय्यानें अन्न जाळूनच मिळते. पानें उन्हांत प्राणवायु निर्माण करतात हें खरें. पण अंधारांतल्या मुळाला त्याचा लाभ बहुतेक झाडांत फारसा होत नाहीं. त्याला आपला श्वास आपल्या आजूबाजूलाच शोधावा लागतो; मातींत मातीच्या कणांमधल्या पोकळींत, आणि पाण्यांत पाण्यांत विरघळलेल्या हवेंत. श्वास कोंडला कीं मुळाला पाणी आंत घेणेंहि साधत नाहीं. म्हणून वर पानें तहानेनें सुकतात आणि खालीं पाय पाण्यांत बुडालेले असतात. आपण पाहतों तहान, आणि रोग असतो गुदमरण्याचा.

आतां यांत उष्णतेचा संबंध कोठें येतो? गणिताच्या भाषेंत तो फार सुबोध आहे. थंड पाण्यांत हवा अधिक मावते, ऊन पाण्यांत कमी. समुद्रसपाटीवर १० अंश उष्णमानाच्या स्वच्छ पाण्यांत दर लिटरमागें सुमारें ११.३ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो. २० अंशांवर ९.१, ३० अंशांवर ७.६ आणि ३५ अंशांवर सुमारें ७. ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू उलट दिशेनें धांवते. उष्णमान १० अंशांनीं वाढलें कीं मुळाच्या श्वासोच्छ्वासाचा वेग स्थूलमानानें दुप्पट होतो. म्हणजे पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर गेलें तर मिळकत सहाव्या हिश्शानें घटते आणि त्याच वेळीं खर्च दुप्पट होतो. अशा घराची स्थिति काय होते, हें संसारी वाचकांस निराळें सांगावयास नको. पालेभाज्यांच्या मुळांना १८ ते २२ अंशांचें पाणी मानवतें, २५ पर्यंत तीं निभावून नेतात. त्यापुढें प्रत्येक अंश कर्जाचा असतो.

मोकळ्या चार बोटांचें रहस्यहि तेव्हां उलगडलें. न ढवळलेल्या डब्यांत वरचीं मुळें पाण्याबाहेरच्या दमट हवेंत राहून श्वास घेतात आणि खालचीं पाण्यांत राहून अन्नपाणी आणतात. एकाच घरांतील माणसांनीं कामें वांटून घ्यावीं तसा हा प्रकार आहे. हवेला संवकलेलीं मुळें एकाएकीं पाण्याखालीं गेलीं तर तीं बुडतात. मीं प्रेमानें डबे भरले, म्हणजे श्वास घेणाऱ्यांचें नाक दाबलें.

अशा अर्धमेल्या मुळांवर मग शत्रु चालून येतो. त्याचें नांव पिथियम. लोक त्याला बुरशी म्हणतात, परंतु शास्त्रज्ञ त्याला खऱ्या बुरशीपासून वेगळा काढतात. त्याचे बीजकण शेपट्यांच्या साहाय्यानें पाण्यांत पोहत जाऊन मुळाला चिकटतात. त्याच्या कांहीं जातींना ऊन पाणी फार आवडतें. आमच्या पलूस-तासगांवच्या बागाइतदारांना त्याची एक नातलग चांगली परिचयाची आहे: द्राक्षाच्या पानांवर पडणारा केवडा, ज्याला सर्वजण ‘डाउनी’ म्हणतात, तो याच कुळांतला. आणि सांगलीच्या ज्या हळदीची कीर्ति सर्वत्र आहे, त्या हळदीच्या कंदकुजीच्या मुळाशींहि बहुधा हाच पिथियम असतो. म्हणून तर जाणते शेतकरी हळद उंच गादीवाफ्यावर लावतात आणि सरींत पाणी तुंबूं देत नाहींत. गच्चीवरच्या डब्यांत जें घडलें तें आमच्या शिवारांत नवें नव्हतें. मीं तें पाहिलें नव्हतें इतकेंच.

नातवानें मग उपाय केले आणि मीं मुकाट्यानें हाताखालीं काम केलें. कुजलेलीं रोपें आणि सर्व पाणी टाकून दिलें, डबे घासून उन्हांत वाळविले आणि उरलेलीं रोपें स्वच्छ पाण्यांत धुवून पुन्हा लाविलीं. डबा काळा असावा लागतो, कारण उजेड आंत गेला कीं शेवाळ धरतें. पण काळा रंग ऊन पितो, म्हणून बाहेरून त्याला पांढरा रंग दिला. तापलेल्या स्लॅबवर न ठेवतां विटांवर ठेविला, उत्तरेच्या भिंतीच्या कडेला सावलींत घेतला, आणि भोंवतीं गोणपाट गुंडाळून तें सकाळ-दुपार भिजवूं लागलों. ही युक्ति आपल्या माजघरांतीलच आहे. माठांतलें पाणी गार होतें तें बाहेर झिरपलेलें पाणी वाळतांना उष्णता घेऊन जातें म्हणून; ओलें गोणपाट डब्याला तेंच करतें. भर दुपारीं बर्फ झालेली बंद बाटली पाण्यांत सोडावी, आणि मासे पाळणारे वापरतात तसला हवेचा लहान पंप लावावा. बुडबुड्यांनीं पाणी ढवळत राहिलें कीं हवा पुन्हा पुन्हा विरघळते. डबा जितका मोठा तितकें पाणी सावकाश तापतें, म्हणून उन्हाळ्यांत लहान भांडीं वर्ज्य. हें सर्व केल्यावर दुपारचा पारा २७ च्या पुढें गेला नाहीं. आठवड्याभरांत काळवंडलेल्या मुळांच्या वरच्या अंगास पांढरे फुटवे दिसूं लागले. द्राक्षबागाइतदार ‘पांढरी मुळी चालली’ म्हणून आनंदानें सांगतात, त्या शब्दांचा अर्थ मला त्या दिवशीं कळला.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. डब्यांतलें पाणी वाळून कमी होतें, पण त्यांतले क्षार वाळत नाहींत. ते मागें राहतात आणि पाणी दिवसेंदिवस खारट होत जातें. म्हणून कमी झालेली भर साध्या पाण्यानें करावी, आणि पंधरवड्यानें सर्वच पाणी बदलावें. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याची गरज लागणार आहे.

ही विद्या अगदीं कालची नव्हे. १६९९ सालीं इंग्लंडांत जॉन वुडवर्ड यानें निरनिराळ्या पाण्यांत पुदिना वाढवून पाहिला. १८६० च्या सुमारास जर्मनींत साक्स आणि क्नॉप यांनीं क्षारांचें मिश्रण ठरवून मातीवांचून झाड वाढवितां येतें हें सिद्ध केलें. कॅलिफोर्नियांतील गेरिक यांनीं १९३७ सालीं या पद्धतीला ‘हायड्रोपॉनिक्स’ हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ पाणी आणि श्रम. त्यानंतर दहा वर्षांच्या आंत शोल्टो डग्लस यांनीं बंगालमधील कालिंपाँग येथें हिंदुस्थानच्या हवेला जुळेल अशी साधी पद्धति बसविण्याचे प्रयोग केले. नांवांत माती नाहीं, पण श्रम आहेत, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें. मातीला काढून टाकलें म्हणजे माती जें काम गुपचूप करीत होती तें सारें माणसाच्या अंगावर येतें: पाणी गार ठेवणें, हवा पुरविणें, क्षारांचा तोल सांभाळणें. माती काय करीत होती हें तिच्यावांचून राहिल्यावरच समजतें.

आपल्या जुन्या ग्रंथकारांना याची जाणीव नव्हती असें मात्र नाहीं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत जमीन मऊ असावी असें सांगितलें आहे, आणि एकमेकांच्या मुळांना मुळें भिडलीं म्हणजे झाडें पीडा पावतात असा इशाराहि दिला आहे. पाणथळ जागीं वाढणाऱ्या वृक्षांची त्यानें यादी दिली आहे. तींत जांभूळ, वेतस, कदंब, अर्जुन यांच्याबरोबर औदुंबरहि आहे. आमच्या तालुक्यांत कृष्णाकाठीं जें दत्तक्षेत्र आहे त्याचें नांवच औदुंबर. जो वृक्ष ओलीला भीत नाहीं तोच नदीकांठीं पूज्य व्हावा यांत मोठें औचित्य आहे. भाताच्या अंगांत तर हवेच्या नळ्याच असतात. पानांकडून मुळांकडे त्यांतून हवा उतरते, म्हणून भात चिखलांत हंसतो. परंतु ऊस म्हणजे भात नव्हे, आणि द्राक्षवेल तर नव्हेच नव्हे.

येथपर्यंत लिहिलें तें गच्चीविषयीं. आतां शेताविषयीं लिहितों.

कृष्णाकाठीं आमची वडिलार्जित अडीच एकर काळी जमीन आहे. माझे थोरले बंधु ती पाहात. ते निवर्तल्यावर पुतण्या पाहतो. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आमच्या शेजारीं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली, आणि पुढें तेथें तयार झालेल्या पंपांनीं महाराष्ट्राच्या शेतीचें रूप पालटलें. नदीचें पाणी उंचावर चढूं लागलें. जेथें आमच्या आजोबांनीं आभाळाकडे पाहून जोंधळा काढला, तेथें वडिलांनीं बारमाही ऊस पाहिला. त्या उपकाराचें विस्मरण मला होणार नाहीं. माझें शिक्षण त्या उंसावरच झालें.

परंतु पाणी आणावयाचें कसें याचा विचार सर्वांनीं केला, तें जावयाचें कोठून याचा कोणी केला नाहीं. वीसेक वर्षांपूर्वीं शेताच्या सखल कोपऱ्यांतला ऊस पिवळा पडूं लागला. पिवळा पडला म्हणून आम्हीं पाणी वाढविलें. अधिक पिवळा पडला, तेव्हां पाणी आणि खत दोन्ही वाढविलीं. मग एका उन्हाळ्यांत जमिनीवर पांढरा खार फुटला. आज दीड एकरांत लव्हाळ्यावांचून कांहीं उगवत नाहीं. ही कथा एकट्या आमची नव्हे. वाळवा, पलूस, मिरज आणि पलीकडचा शिरोळ तालुका मिळून कृष्णाकाठचीं हजारों एकर शेतें अशीं क्षारपड झालेलीं आहेत. भर टाकावयास २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर येऊन गेलेच.

पुतण्यानें गेल्या वर्षीं घरांत प्रस्ताव मांडला. जमिनीखालीं सुमारें चार फुटांवर भोकें पाडलेले आणि जाळीच्या कापडानें वेढलेले नळ घालावयाचे. जमिनींत सांचलेलें पाणी त्यांत झिरपून मोठ्या नळानें ओढ्याला जातें, आणि पावसाळ्याच्या पाण्याबरोबर क्षारहि धुवून निघतात. मिरज तालुक्यांतील कसबे डिग्रज येथील कृषि संशोधन केंद्रांत अशा जमिनींवर काम झालें आहे, आणि शिरोळकडे दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानें गांवोगांवच्या शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन असे नळ घातले आहेत. खर्च मोठा होता. माझ्या ठेवींतला बराच भाग त्यांत गेला असता. मीं विरोध केला. ज्या देशांत लोक पाण्यासाठीं देव पाण्यांत घालतात, तेथें पैसे मोजून जमिनींतलें पाणी बाहेर काढावयाचें ही कल्पनाच मला पटेना. जमीन विकून टाकावी असें मत मीं दिलें. वहिनींनीं एवढेंच म्हटलें, “भावजी, ती मेलेली नाहीं. मी सही करणार नाहीं.” मला तो बायकी हळवेपणा वाटला, आणि बैठक तेथेंच मोडली.

चैत्रांतल्या त्या दुपारीं, बुळबुळीत मूळ हातांत धरून बसलों असतां मला तें शेत दिसलें. दोन्ही ठिकाणीं एकच गोष्ट घडली होती. मातीच्या पोकळ्या पाण्यानें कांठोकांठ भरल्या, हवा बाहेर गेली, मुळें गुदमरलीं. वर पानें पिवळीं पडलीं, तीं पाहून आम्हीं आणखी पाणी घातलें. उन्हानें पाणी वाळत गेलें आणि क्षार मागें राहिले. डब्यांतलें पाणी आम्ही पंधरवड्यानें बदलीत होतों. शेतांतलें वीस वर्षें बदललेंच नव्हतें. आल्बर्ट हॉवर्ड यांनीं बिहारमधील पुसा येथें १९१० नंतरच्या वर्षांत मातींतल्या हवेवर भर देऊन हेंच शिकविलें होतें. शंभर वर्षांपूर्वींचा धडा माझ्यापर्यंत पोंचावयास भाजीचा डबा लागला!

अक्षयतृतीयेला मीं घरांतल्या सर्वांना पुन्हा बसविलें, वहिनींसमोर आपली चूक कबूल केली आणि ठेव मोडण्यास संमति दिली. वहिनी हंसल्या मात्र. बोलल्या कांहीं नाहींत. पुतण्या म्हणाला, “काका, पैशानें निम्मेंच काम होतें.” त्याचें म्हणणें यथार्थ होतें. आमच्या शेतांतलें पाणी ओढ्यापर्यंत जावयाचें तर मध्यें चौघांचीं शेतें आहेत, आणि त्यांचींहि तशींच रोगी आहेत. एकट्याचें शेत एकट्याला सुकवितां येत नाहीं. शेजाऱ्याचें पाणी पुन्हा आपल्याकडेच येतें. त्या चौघांपैकीं दोघे माझे जुने विद्यार्थी. आम्ही काका-पुतणे मे महिन्याच्या उन्हांत त्यांच्या दारीं गेलों. मीं पिशवींतून एक कुजलेलें आणि एक पांढरें मूळ काढून त्यांच्यापुढें ठेविलें आणि जें वर लिहिलें आहे तेंच सांगितलें. तिघांनीं रुकार दिला आहे. चौथे अजून विचार करीत आहेत. त्यांच्या उत्तरावर कांहीं काळ सारें थांबलेलें आहे.

तोंपर्यंत स्वस्थ बसलों आहों असें नाहीं. उरलेल्या एक एकरांत पाचट न जाळतां सरींत पसरलें आहे. त्यानें मुळांना ऊन लागत नाहीं आणि जमीन भुसभुशीत राहते. पाटानें पाणी सोडणें बंद करून ठिबक घातलें आहे. कोपऱ्यांत पुतण्यानें धैंचा पेरून पाहिला आहे. क्षाराला न जुमानणारें तें हिरवळीचें पीक कांहीं ठिकाणीं उगवलें आहे. मी रोज सकाळीं जाऊन एखादें रोप अलगद उपटून पाहतों. मूळ पांढरें असलें कीं तें पुन्हा मातींत लावतों आणि घरीं येऊन वहिनींना तेवढेंच सांगतों.

निवृत्त झाल्यामुळें फळ्यावर विग्रह लिहिण्याचा प्रसंग आतां येत नाहीं. परंतु धाकटी नात नुकतीच संस्कृत शिकूं लागली आहे. परवां तिनें ‘पादप’ शब्दाचा अर्थ विचारला. मीं तिला सांगितलें, पायांनीं पितो तो पादप. आणि लगेच हेंहि सांगितलें कीं, तो पायांनींच श्वास घेतो, हें या शब्दांत सांगावयाचें राहून गेलें आहे, तें तूं वहीच्या समासांत लिहून ठेव.